तळघरातला वुड स्टोव्ह : गार असताना पेटवला की धूर उलटा घरात

मेपलपान | ९ जानेवारी, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, आज डोळे चुरचुरतायत म्हणून पहिला धागा काढतेय.

आम्ही व्हरमाँटमध्ये राहतो. गेल्या ऑगस्टमध्ये घर घेतलं. जुनं घर, तळघर अधिक दोन मजले. तळघरात ओतीव लोखंडाचा वुड स्टोव्ह आहे, पुढे काचेचं दार. मागून सहा इंची पाइप निघतो आणि भिंतीतून बाहेरच्या विटांच्या धुराड्यात जातो. धुराडं घराच्या उत्तरेच्या भिंतीला बाहेरून चिकटलेलं आहे. घर बघायला आलो तेव्हा याच स्टोव्हवर आम्ही दोघं भाळलो होतो.

एकदा पेटला की राजा आहे. पण रोज संध्याकाळी कामावरून येऊन तो गारेगार स्टोव्ह पेटवायचा म्हणजे शिक्षा. खाली कागदाचे बोळे, त्यावर काटक्या, त्यावर फोडी. काडी लावली की पहिलं अर्धं मिनिट छान, आणि मग सगळा धूर दाराच्या कडेकडेने आत. दार उघडावं तर ढगच अंगावर येतो. अलार्म कोकलतो, लेक कानांवर हात ठेवून वर पळते, मी वरच्या मजल्यावरच्या खिडक्या सताड उघडते आणि नवरा पुठ्ठ्याने वारा घालत बसतो. वीस-पंचवीस मिनिटं असं झालं की अचानक आतून कुणीतरी ओढल्यासारखा धूर वर खेचला जातो आणि मग सगळं सुरळीत. रोज हेच.

ऑक्टोबरात धुराडं साफ करून घेतलंय, तो माणूस म्हणाला आत काही अडकलेलं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्रास कमी होता. थंडी वाढतेय तसा वाढतोय. काल बाहेर उणे १८ होतं, काल तर कहर झाला.

सासूबाई साताऱ्याहून आल्यात, मार्चपर्यंत आहेत. त्यांचं म्हणणं, "चाळीस वर्षं मातीच्या चुलीपुढे काढली, एवढा धूर एका दिवसात कधी गिळला नाही. पैसे मोजून धूर विकत घेतलात की काय?" उत्तर नाही माझ्याकडे. कुणाकडे आहे?

टवाळ | ९ जानेवारी, रात्री ११:१०

पहिल्या धाग्यातच धूर काढलात! सासूबाईंना आयडी काढून द्या. बाकी थोडं रॉकेल शिंपडा, काम तमाम.

सोलकढी | ९ जानेवारी, रात्री ११:३१

टवाळ, रॉकेलचं चेष्टेतही लिहू नका, कुणीतरी खरं करेल. बंद पेटीत आधीच धूर कोंडलेला, त्यात रॉकेलची वाफ. दार उघडायला गेलेल्या माणसाच्या भुवया तरी जातात, नाहीतर बरंच काही जातं.

मेपलपान, लाकूड ओलं आहे. पैज. आमच्या देवगडच्या घरी जुलैत हीच रड असायची. आई म्हणायची, "लाकडां ओली म्हणान चूल रडता." म्हणून मे महिन्यात, मिरगाच्या आधी, वर्षाचं जळण खोपीत भरून झालं पाहिजे असा घरचा कायदा होता. चुलीच्या बरोब्बर वर माळा, त्यावर पुढच्या आठवड्याची लाकडं शेकत पडलेली. पेटवायला नारळाची सुकी सोडणं, झावळीच्या पात्या आणि करवंट्या. करवंटीला तेल असतं, ती भुरुभुरु जळते. ते निगुतीने केलं की पावसातही चूल गुमान पेटायची.

तुमचं लाकूड जळताना टोकाला फेस येतो का? सूंऽऽ असा आवाज येतो का?

मेपलपान | १० जानेवारी, सकाळी ७:१५

येतो! फेसही येतो. मला वाटायचं डिंक आहे. विकणाऱ्याने "वर्षभर वाळवलेलं" म्हणून दिलंय, पावतीवरही तसं लिहिलंय.

सोलकढी | १० जानेवारी, सकाळी ७:४०

वाळवलेलं नव्हे, वर्षभर ओंडका म्हणून पडलेलं असणार. ओंडका फोडल्याशिवाय सुकत नाही. साल म्हणजे लाकडाचा रेनकोट.

उष्मागतिक | १० जानेवारी, सकाळी ९:०५

ओलं लाकूड हा अर्धा आजार झाला. पण त्याने "वीस मिनिटांनी अचानक ओढ लागते" आणि "थंडी वाढली की त्रास वाढतो" या दोन गोष्टी सुटत नाहीत. तीन प्रश्न विचारतो.

स्टोव्ह विझलेला असताना दार उघडलंत तर तोंडावर गार हवा येते का? पेटवण्याच्या वेळी घरात काय काय चालू असतं, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट, कपड्यांचा ड्रायर? आणि वरच्या खिडक्या उघडल्यावर धूर कमी होतो की वाढतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आठवून नका देऊ, बघून द्या.

मेपलपान | १० जानेवारी, रात्री ९:२०

दार उघडलं की फ्रीज उघडल्यासारखं होतं. अगदी पायांवर गार हवा सांडते. ड्रायर तळघरातच आहे, स्टोव्हपासून दहा पावलांवर, आणि संध्याकाळी आल्या आल्या मी तो लावतेच. वर सासूबाईंची फोडणी, म्हणजे एक्झॉस्टही चालू.

खिडक्यांचं आज मुद्दाम पाहिलं. वरच्या उघडल्या आणि धूर वाढला. मी इतके दिवस धूर जावा म्हणून उघडत होते!

उष्मागतिक | १० जानेवारी, रात्री ११:४८

मग निदान झालं. तुमचं धुराडं उलटं वाहतंय. थोडं लांबण लावतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात.

धुराडं धूर ओढतं ते आतली हवा गरम, म्हणून हलकी असते म्हणून. समजा धुराडं ७ मीटर उंच आहे, आत सरासरी १५० अंश आणि बाहेर उणे १०. बाहेरची हवा घनमीटरला साधारण १.३४ किलो, आतली ०.८३. या फरकाला उंचीने आणि गुरुत्वाकर्षणाने गुणलं की ३५ पास्कलच्या (पास्कल म्हणजे दाबाचं माप) आसपास ओढ येते. स्टोव्हला ती भरपूर झाली.

आता तेच धुराडं संध्याकाळी सहा वाजता बघा. दिवसभर बाहेरच्या थंडीत उभं, विटा उणे १०, आतली हवाही उणे १०. फरक शून्य, ओढ शून्य. इतपत असतं तरी निभावलं असतं. पण तुमचं घर स्वतः एक धुराडं आहे. आत २० अंश, बाहेर उणे १०. घरातली गरम हवा वर चढते, वरच्या मजल्याच्या फटींतून निसटते आणि तेवढी हवा घर खालून, म्हणजे तळघरातून आत ओढतं. तुमच्यासारख्या घरात ही ओढ चारेक पास्कल सहज होते. चार पास्कल म्हणजे किस झाड की पत्ती, पण समोर शून्य उभा असेल तर चारच जिंकणार. घराला हवा आत घ्यायला सगळ्यात मोठं आणि सोपं भोक कुठलं? तुमचं सहा इंची धुराडं.

ड्रायर आणि एक्झॉस्ट दोघंही घरातली हवा बाहेर फेकतात, म्हणजे त्या चारात भर. आणि वरच्या खिडक्या उघडल्यात की घराच्या धुराड्याला तुम्ही वर तोंड करून दिलंत, ओढ आणखी वाढली. उघडायची ती तळघरातली खिडकी, स्टोव्हजवळची. घराला हवा तिथून मिळाली की ते धुराड्यातून मागणार नाही.

वीस मिनिटांनी अचानक सुरळीत होतं, कारण तोवर थोडी थोडी गरम हवा कशीबशी वर शिरून विटा तापवते आणि एका क्षणी पारडं फिरतं. तुम्ही रोज जाळ आधी आणि धुराडं मागून गरम करताय. क्रम उलटा करा. धुराडं आधी.

टवाळ | ११ जानेवारी, सकाळी ६:३०

पास्कल शाळेतच सोडून आलो होतो, पण "घर स्वतःच धुराडं" हे पटलं. आमच्याकडे कढईत मोहरी तडतडली की वरच्या मजल्यावरचा भाऊ खाली येतो तो याच नियमाने.

जुना_वाडा | ११ जानेवारी, सकाळी ८:५५

उष्मागतिक यांनी जे पास्कलमध्ये सांगितलं ते आमच्या शनिवारातल्या वाड्यात आजी पास्कलशिवाय करायची, म्हणून लिहितो.

आमच्याकडे तांब्याचा बंब होता. नव्या पिढीसाठी सांगतो: तांब्याचा उभा पिंप, त्याच्या मधोमध आरपार नळी, खाली जाळी आणि राख पडायला जागा. नळीभोवती पाणी. वरून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी यायचं. जळण म्हणजे वखारीतून आणलेली बंबफोड, ढलप्या, करवंट्या, कधी गोवरीचा तुकडा.

आता विचार करा, बंबाची नळी हेच त्याचं धुराडं, आणि त्याला चहूबाजूंनी थंडगार पाणी. डिसेंबरात पहाटे पाच वाजता यापेक्षा गार धुराडं जगात सापडायचं नाही. खालून पेटवलं की धूर नळीत चढायचाच नाही, खालच्या तोंडातून न्हाणीघरभर पसरायचा. मी तसा पेटवला की आजी ओरडायची. तिची पद्धत अशी: वर्तमानपत्राचा एकच कागद सैल पिळून पेटवायचा आणि नळीच्या वरच्या तोंडातून आत सोडायचा. तो भगभगत खाली जाऊन पडायचा, नळी हूंऽऽ करायची. तो हुंकार ऐकू आला की मगच खालच्या ढलप्यांना काडी. "बंब आधी बोलला पाहिजे," असं म्हणायची.

तुमचा स्टोव्ह बोलत नाहीये एवढंच.

मेपलपान | ११ जानेवारी, सकाळी ९:१०

जुना_वाडा काका, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांच्या माहेरीही बंब होता, त्या आता दोन तास बंबावरच बोलतायत. 🙂

उष्मागतिक, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. आज शनिवार, आजच करून बघते. एक विचारायचं होतं, धुराड्यात हवा वर जातेय की खाली येतेय हे पेटवण्याआधी कसं कळणार?

सोलकढी | ११ जानेवारी, सकाळी ९:१८

उदबत्ती!

किवीफळ | ११ जानेवारी, सकाळी ९:४५

क्राइस्टचर्चहून. इथे हिवाळ्यात शहरातल्या थंड हवेवर गरम हवेचं झाकण बसतं, त्याखाली चुलाण्यांचा धूर साचतो, त्यामुळे धूर हा इथे शेजाऱ्यांचा आणि प्रशासनाचाही विषय आहे. शहरात उघड्या फायरप्लेसला तर बंदीच आहे. स्टोव्ह उलटा रचून वरून पेटवायचा हे आम्ही इथेच शिकलो.

सगळ्यात खाली दोन-तीन जाड फोडी, मध्ये बोटभर फट ठेवून. त्यावर आडव्या मनगटाएवढ्या. त्यावर अंगठ्याएवढ्या, त्यावर पेन्सिलीएवढ्या काटक्या, आणि अगदी माथ्यावर कागदाच्या चार-पाच गाठी किंवा मेणाची वडी. काडी माथ्याला. हवेची खिटी पूर्ण उघडी, दार पहिली काही मिनिटं बोटभर किलकिलं. आणि मग हात मांडीखाली! ढवळायचं नाही, फुंकायचं नाही, वरून लाकूड टाकायचं नाही. जाळ मेणबत्तीसारखा हळूहळू खाली उतरतो.

यात तुमचा दुहेरी फायदा आहे. एक, जाळ पहिल्या मिनिटापासून पाइपच्या तोंडाशी असतो, धुराडं लगेच तापतं. दोन, खालचं लाकूड तापून जो धूर सोडतं त्याला वर जाताना ज्वाळेतूनच जावं लागतं, आणि तो तिथेच जळतो. धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच.

सोलकढी | ११ जानेवारी, सकाळी १०:०२

वरून पेटवायचं? आग वर चढते हो, खाली नाही उतरत. आयुष्यात चूल कधी वरून पेटवलेली पाहिली नाही. जाड फोडी खाली ठेवल्या तर त्या पेटणार कशा, मुहूर्त बघून?

किवीफळ | ११ जानेवारी, सकाळी १०:२०

वरचे निखारे खालच्या फोडीवर पडतात, त्यांच्या आचेने ती पेटते. लाकूड सुकं असेल तर. ओलं असेल तर नाही, हे मान्य करतो.

आणि चुलीशी तुलना नको. चुलीवर भांडं आहे, तुम्हाला दहाव्या मिनिटाला चहा हवाय, जाळ कमी-जास्त करायला तुम्ही समोर बसून लाकूड पुढे-मागे सारताय. स्टोव्ह एकदा भरून दार लावून निघून जायची गोष्ट आहे.

गवती_चहा | ११ जानेवारी, दुपारी १२:३३

सोलकढीताई, "आग खाली उतरत नाही" म्हणता, पण उदबत्ती, मेणबत्ती, विडी, तिन्ही वरूनच पेटवतो की आपण!

ग्रामीण चुलींवर काम करणाऱ्यांत काही वर्षं काढली आहेत, म्हणून थोडी भर. वरून पेटवायच्या चुलींचं एक अख्खं घराणं आहे. डब्यात इंधन भरायचं, माथ्याला पेटवायचं, खालून थोडी हवा आणि वर ज्वाळेपाशी वेगळी हवा द्यायची. अमेरिकेतल्या टॉम रीड यांनी १९८५ च्या सुमारास ही कल्पना मांडली आणि नॉर्वेच्या पॉल वेंडेल्बो यांनी आफ्रिकेत स्वतंत्रपणे तशीच चूल केली. आपल्याकडे पुण्याच्या आरती संस्थेच्या वर्तुळातही अशा चुलींवर काम झालंय. बरोबर जमली की धूर जवळजवळ दिसतच नाही आणि शेवटी डब्यात कोळसा उरतो.

पण खरं सांगू का, आपल्याकडच्या भुशाच्या शेगडीने हे आधीच दाखवलं होतं. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद फिरवत काढायची. झालं धुराडं. इतका ठासलेला भुसा, पण एकदा ते मधलं भोक तापलं की तासन्‌तास बिनधुराची जळते. आणि भोक तापायच्या आधी घाई केली की अख्खी आळी खोकते. तुमच्या तळघरात तेच चाललंय.

मेपलपान | ११ जानेवारी, रात्री १०:१५

अहवाल.

सकाळी बाहेर उणे १४. स्टोव्हचं दार उघडून उदबत्ती आत धरली. धूर सरळ माझ्या तोंडावर. पाइपच्या तोंडाशी धरली, तरी खाली. सासूबाई म्हणाल्या, "हा तर उलट्या पायाचा आहे."

ड्रायर बंद, एक्झॉस्ट बंद, वरच्या सगळ्या खिडक्या बंद. तळघरातली खिडकी चार बोटं उघडली. पुन्हा उदबत्ती. धूर आता खाली येईना, पण वरही जाईना, दारात घुटमळत राहिला. म्हणजे शून्य! उष्मागतिक, तुमचा शून्य मी डोळ्यांनी पाहिला.

मग धुराडं तापवायचं ठरलं. नवऱ्याला कुठेतरी वाचल्याचं आठवलं, हेअर ड्रायरने गरम हवा मारतात. त्याने मोठ्या आत्मविश्वासाने हेअर ड्रायर स्टोव्हमध्ये धरला आणि बटण दाबलं. आत कालची दोन इंच राख होती. पुढचं वर्णन करत नाही. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्या भस्म लावलेल्या गोसाव्यासारख्या दिसत होत्या आणि पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही.

अंघोळी झाल्यावर बंबाची पद्धत. वर्तमानपत्राचा एक कागद सैल पिळून पेटवला आणि चिमट्याने वर पाइपच्या तोंडाशी धरला. पहिला कागद, काही नाही. दुसरा, ज्वाळा थोडी वाकडी झाली. तिसऱ्या कागदाची ज्वाळा एकदम लांब होऊन वर गेली आणि पाइपमधून हूंऽऽ. काका, खरंच बोलला हो! सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

मग किवीफळ यांच्या पद्धतीने रचलं आणि माथ्याला काडी लावली. धूर आला नाही. म्हणजे काडी विझल्यावर येतो तेवढाच. अलार्म गप्प. लेक खाली येऊन विचारते, पेटला नाही का अजून?

पण दहा मिनिटांनी वरच्या काटक्या जळून गेल्या आणि खालच्या जाड फोडी नुसत्या काळ्या होऊन बसल्या. शेवटी खाली सारून पुन्हा काटक्या घालाव्या लागल्या. सोलकढी, पैज तुम्ही जिंकलात बहुतेक.

सोलकढी | ११ जानेवारी, रात्री १०:४०

बहुतेक नाही, नक्की. पण धूर न येता विझला याचं मला नवल वाटतंय. वरून पेटवण्याबद्दलचे माझे शब्द अर्धे मागे घेते.

यॉर्कशायरकर | १२ जानेवारी, पहाटे ३:०५

लाकडाच्या ओलाव्यावर अंदाज कशाला बांधायचे, मीटर घ्या. दोन पिनांचा छोटा मीटर मिळतो, स्वस्त असतो. मात्र मोजायची एक रीत आहे. फोड घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, पुन्हा मधून फोडायची, आणि नव्याने उघडलेल्या आतल्या बाजूवर, लाकडातल्या तंतूंच्या दिशेने पिना रुतवायच्या. बाहेरून किंवा टोकाला मोजलं तर मीटर गोड बोलतो. आकडा २० टक्क्यांच्या आत हवा.

इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं असेल तर ते या २० टक्क्यांत बसावंच लागतं. त्याहून मोठी खेप ओली विकता येते, पण वाळवायचं कसं हे गिऱ्हाइकाला लेखी सांगावं लागतं. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर जे धुरकं बसलं, त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला. तेव्हापासून इथे धूर म्हटलं की लोक लगेच कायद्याची कलमं काढतात.

उष्मागतिक | १२ जानेवारी, सकाळी १०:१२

ओल्या लाकडाबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो, की उष्णता पाणी उकळण्यातच संपते. हिशोब करून बघा. पाच किलो लाकूड, त्यात दीड किलो पाणी. ते वाफ करून घालवायला चारेक मेगाज्यूल. उरलेल्या साडेतीन किलो सुक्या लाकडात साठाच्या वर. म्हणजे सहा टक्के वगैरे. त्याने कुणी मरत नाही.

खरी मेख वेळेची आहे. ते सगळं पाणी सुरुवातीलाच निघतं, जेव्हा पेटी आधीच गार असते. लाकडातून निघालेले वायू नीट जळायला सहाशे अंशांच्या आसपासचा ताप लागतो. ओल्या लाकडाची पेटी तिथपर्यंत पोहोचतच नाही. वायू न जळता वर जातात, गार विटांना लागून डांबरासारखे चिकटतात, आणि एखाद्या दिवशी तेच डांबर धुराड्यात पेट घेतं. मेपलपान, धुराडं ऑक्टोबरात साफ केलं असलं तरी या लाकडावर हिवाळा काढणार असाल तर फेब्रुवारीत पुन्हा बघून घ्या.

रातकिडा | १२ जानेवारी, दुपारी १:५०

सगळे पेटवण्याबद्दल बोलतायत, मला विझण्याची भीती वाटते. पहाटे जाळ संपून नुसते निखारे राहतात, धुराडं गार पडतं, आणि तुमचं घर चार पास्कलने ओढतच असतं. तेव्हा उलटं वाहिलं तर धूर दिसणार नाही, वासही येणार नाही, येईल तो कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. निखाऱ्यांचंच काम ते. स्मोक अलार्मला हा वायू कळत नाही. त्याचा वेगळा अलार्म तळघरात आणि झोपायच्या खोल्यांबाहेर आहे का?

मेपलपान | १२ जानेवारी, दुपारी २:०५

वर आहे, तळघरात नाही. आज आणते. धन्यवाद रातकिडा, हे डोक्यातच नव्हतं.

मेपलपान | २६ जानेवारी, रात्री ९:३७

दोन आठवड्यांनी परत आले. आधी आकडा: ३१ टक्के. तीन फोडी मोजल्या, ३१, २९, ३३. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला तुमचा मीटर खोटा आहे. मग त्याच मीटरने घरातलं जुनं लाकडी स्टूल मोजलं, ८ आलं. मीटर खरा आहे. भांडत बसले नाही, पुढच्या वर्षी दुसरीकडून घेईन.

आता चाललंय ते असं. रोज रात्री दहाएक दिवसांनंतरच्या फोडी आणखी बारीक फोडायच्या आणि तळघरात उभ्याआडव्या रचायच्या, स्टोव्हपासून तीन फुटांच्या बाहेर. हिवाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की आठ-दहा दिवसांत बारीक फोड बावीस-तेवीसवर येते. भुशाच्या दाबलेल्या विटा दुकानात मिळतात, त्या कोरड्या ठणठणीत. पेटवताना खाली त्यातली एक आणि वर आपल्या फोडी. काटक्यांसाठी देवदाराचं लाकूड, चाकूने सोललं तरी निघतं.

संध्याकाळी ड्रायर बंद. ड्रायर सकाळी. तळघरातली खिडकी चार बोटं. उदबत्ती. कागद, बहुतेक दिवशी दोन पुरतात, परवा उणे २३ होतं तेव्हा पाच लागले. बोलला की रचलेल्या माथ्याला काडी. मग खिडकी पंधरा मिनिटांनी बंद. खरं तर आता मी काहीच करत नाही, सासूबाई करतात. त्यांनी पेन्सिलीएवढ्या काटक्यांची जुडी बांधून ठेवायला सुरुवात केलीय, आणि स्टोव्ह बोलायच्या आधी कुणी काडी लावली तर तिथूनच ओरडतात.

एकदा फसलं. पाहुणे आले होते, एक्झॉस्ट चालू राहिला. सगळं नीट करूनही धूर आत. वर जाऊन बटण बंद केलं, दोन मिनिटांत फिरला.

जुना_वाडा | २६ जानेवारी, रात्री १०:०२

वा! आजी असती तर तुमच्या सासूबाईंशी तिचं चांगलं जमलं असतं. किंवा अजिबात जमलं नसतं.

किवीफळ | २६ जानेवारी, रात्री १०:२५

पुढच्या हिवाळ्याचं लाकूड एप्रिलमध्येच घ्या, फोडून, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या ठेवून रचा. ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळू नका, आत घाम धरतो. ओक असेल तर एक उन्हाळा पुरत नाही, दोन लागतात.

सोलकढी | २६ जानेवारी, रात्री १०:३१

म्हणजे मिरगाच्या आधी. तेच तर म्हणत होते.

टवाळ | २६ जानेवारी, रात्री ११:००

एक प्रामाणिक शंका. राखेचं काय करता? परत हेअर ड्रायर?

मेपलपान | २७ जानेवारी, सकाळी ७:२०

नवऱ्यापुढे तो विषय काढायचा नाही असं ठरलंय.

राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, बादली बाहेर बर्फावर. आतले निखारे चार दिवसही जिवंत राहतात म्हणे, म्हणून लाकडी डेकवर ठेवत नाही. स्टोव्हमध्ये इंचभर राख ठेवते, त्यावर निखारे टिकतात. बाकीची वसंतात बागेत घालणार होते, पण शेजारच्या आजोबांनी ब्लूबेरीला घालू नको म्हणून बजावलंय, तिला आंबट माती लागते.

सगळी बागेपर्यंत पोहोचणार नाहीच. सासूबाईंनी गार राख पीठचाळणीने चाळून लोणच्याच्या बरणीत भरून ठेवलीय. काल निरांजन आणि समई घासली. मला पीठचाळणी नवीन आणावी लागणार आहे.